टेक्सासने आधी मॅनेजर आणला, मग पिचर

डिसेंबर 2022 मध्ये कोचीत आयपीएलचा लिलाव झाला आणि पंजाबने सॅम करनसाठी साडेअठरा कोटी रुपये मोजले. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती, त्यामुळे एका खेळाडूवर एवढा पैसा ओतावा का, यावर आपल्याकडे भरपूर काथ्याकूट झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाने जेकब डीग्रॉम नावाचा पिचर (चेंडू फेकणारा, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज) घेतला. त्याचाही आकडा साडेअठरा कोटीच, पण डॉलरमध्ये. करार पाच वर्षांचा. त्या वेळच्या दराने हिशेब केला तर साधारण दीड हजार कोटी रुपये होतात.

पिचर चौतीस वर्षांचा होता आणि आधीचे दोन्ही हंगाम निम्म्याहून जास्त वेळ जायबंदी होता. त्याच्या दीड महिना आधी याच संघाने सदुसष्ट वर्षांच्या, तीन वर्षांपूर्वीच घरी बसलेल्या ब्रूस बोची यांना मॅनेजर म्हणून परत कामाला लावलं होतं. म्हातारा मॅनेजर आणि दुखरा पिचर, अशी ही खरेदी. आणि बरोबर पुढच्या वर्षी 1 नोव्हेंबरला रेंजर्स इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे सातातले चार सामने जिंकायची अंतिम मालिका, जिंकले. त्या विजयात डीग्रॉमचा वाटा जवळजवळ शून्य होता.

हे कसं जमलं ते समजून घ्यायचं तर बेसबॉलमध्ये हिवाळ्यात नेमकं काय चालतं ते आधी पाहावं लागेल. माझं मत सांगून टाकतो: मॅनेजर नेमणं आणि पिचर विकत घेणं या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या जातात, पण तो एकच निर्णय असतो.

लिलाव नाही, घासाघीस

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो. सहा महिन्यांत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. आकडा पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. ऑक्टोबरात बाद फेरी, नोव्हेंबरच्या तोंडावर वर्ल्ड सिरीज संपते आणि मग फेब्रुवारीत सराव सुरू होईपर्यंत मैदानं रिकामी. बाजार भरतो तो याच काळात.

हा बाजार आयपीएलसारखा एका दिवसात, हातोडा आपटून उरकत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला आणि हाती करार नसलेला खेळाडू मोकळा होतो. त्याचा एजंट संघासंघांशी बोलतो, एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर घालतो, आणि हे कधी आठवडाभर चालतं, कधी तीन महिने. त्याआधीची सहा वर्षं खेळाडू संघाच्या मुठीत असतो. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपास मिळतं. त्यानंतर आकड्यावर एकमत झालं नाही तर लवादापुढे जाता येतं. त्यामुळे बाजारात येईस्तोवर खेळाडूची तिशी जवळ आलेली असते. म्हणजे संघ ज्याच्यासाठी कोट्यवधी मोजतो ती कामगिरी बऱ्याचदा आधीच होऊन गेलेली असते. वर करार पूर्ण हमीचा. खेळाडू जायबंदी झाला, फॉर्म हरवला, तरी पगार चुकत नाही.

संघाने एकूण किती खर्च करावा यावर कडक मर्यादा नाही. ठरावीक रेषा ओलांडली की दंडवजा कर भरावा लागतो, एवढंच. 2023 साठी ती रेषा 23 कोटी 30 लाख डॉलर होती. श्रीमंत मालक ती हसत हसत ओलांडतात.

आणखी एक सोय आहे. आपला खेळाडू मोकळा होत असेल तर संघ त्याला एका वर्षाचा ठरलेल्या रकमेचा करार देऊ करतो. लीगमधल्या सर्वाधिक पगाराच्या 125 खेळाडूंची सरासरी काढून ती रक्कम ठरते. त्या हिवाळ्यात ती 1 कोटी 96 लाख 50 हजार डॉलर होती. खेळाडूने नाकारलं तर तो बाजारात जातो, पण त्याला घेणाऱ्या नव्या संघाला नवोदितांच्या निवडीतली एखादी जागा गमवावी लागते. बहुतेक जण नाकारतात. रेंजर्सच्या मार्टिन पेरेझने मात्र स्वीकारलं, आणि बरंच केलं म्हणायचं.

आर्लिंग्टनचं दुखणं

रेंजर्सचं घर डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधल्या आर्लिंग्टनमध्ये. प्लॅनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा परिसर चांगलाच परिचयाचा. शेजारच्या ग्रँड प्रेरीत ज्या मैदानावर 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकली, ते मैदानही मुळात बेसबॉलसाठीच बांधलेलं.

तर रेंजर्स. 1961 मध्ये वॉशिंग्टनला सुरू झालेला हा संघ 1972 मध्ये टेक्सासला आला आणि पन्नास वर्षांत एकदाही विजेता झाला नाही. 2010 मध्ये अंतिम फेरी गाठली, हरले. 2011 मध्ये सेंट लुईसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात दोनदा विजय एका चेंडूवर येऊन ठेपला होता आणि दोन्ही वेळा निसटला. टेक्सासमध्ये तो विषय आजही जपून काढावा लागतो. त्यानंतर घसरण. 2021 मध्ये तब्बल 102 पराभव. मग मालकांनी तिजोरी उघडली: कोरी सीगरला दहा वर्षांचे साडेबत्तीस कोटी डॉलर, मार्कस सेमियनला सात वर्षांचे साडेसतरा कोटी. फलंदाजी सुधारली, पण 2022 मध्येही 68 विजय आणि 94 पराभव.

या 94 पराभवांकडे जरा जवळून बघा. एका धावेने निकाल लागलेले सामने त्या वर्षी रेंजर्सच्या वाट्याला पन्नास आले. त्यातले 15 जिंकले, 35 हरले. इतकं वाईट प्रमाण आलं की थोडा भाग नशिबाचा असतो हे मान्य. पण अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या तासाभरात कोणता पिचर कधी आणायचा, हे ठरवणारा माणूस कमी पडतोय, अशी शंका येणारच. ऑगस्टमध्ये मॅनेजर ख्रिस वुडवर्ड यांना काढलं, दोनच दिवसांनी संघबांधणीचे प्रमुख जॉन डॅनियल्स यांनाही. सगळी सूत्रं आली जनरल मॅनेजर ख्रिस यंग यांच्याकडे.

इथे दोन खुर्च्यांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो. जनरल मॅनेजर ऑफिसात बसतो आणि खेळाडू घेतो, विकतो. मॅनेजर मैदानाच्या कडेला, खेळाडूंचाच गणवेश घालून बसतो आणि सामना चालवतो. यंग डॅलसमध्येच वाढलेले, प्रिन्स्टनमध्ये शिकलेले आणि सहा फूट दहा इंच उंचीचे माजी पिचर. 2006 मध्ये सॅन डिएगोकडून खेळताना त्यांचे मॅनेजर कोण होते? ब्रूस बोची. यंग आपल्या जुन्या मॅनेजरच्या घरी जाऊन बोलले आणि ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांचा करार झाला.

या नेमणुकीला एक खोचक कडाही आहे. 2010 च्या अंतिम फेरीत रेंजर्सना त्यांच्याच मैदानावर हरवून चषक उचलणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे मॅनेजर बोचीच होते.

मॅनेजर करतो तरी काय?

क्रिकेटमध्ये गोलंदाज कधी बदलायचा हे मैदानावरचा कर्णधार ठरवतो. बेसबॉलमध्ये तो अधिकार मॅनेजरचा. कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंग करणार, बदली खेळाडू कधी येणार, हेही तोच ठरवतो. पण यातलं खरं निर्णायक काम एकच, आणि ते म्हणजे पिचर काढणं.

नियम असा, की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. मुख्य पिचर सामना सुरू करतो, साधारण पाच-सहा इनिंग टाकतो (इनिंग म्हणजे प्रत्येक संघाचे तीन-तीन गडी बाद होईपर्यंतचा खेळ, अशा नऊ), शंभरेक चेंडू झाले की थांबतो. पुढचे चार दिवस तो सामन्यात उतरत नाही. म्हणून प्रत्येक संघाला पाच मुख्य पिचर लागतात, आणि उरलेल्या इनिंगसाठी राखीव पिचरांचा ताफा. हा ताफा जिथे हात गरम करत बसतो त्या जागेला बुलपेन म्हणतात.

मुख्य पिचर दमायला कधी लागतो? आकडे सांगतात की तोच फलंदाज त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा येतो तेव्हा त्याचं पारडं जड होतं. म्हणून हल्ली बरेच संघ संगणकाचं ऐकून पिचरला लवकरच काढतात. पण लवकर काढला तर बुलपेनवर भार पडतो, आणि तो भार आजच्यापुरता नसतो, उद्या-परवाच्या सामन्यांतही जाणवतो. उशिरा काढला तर आजचा सामना जातो. 162 वेळा हे कोडं सोडवायचं. मॅनेजर डगआउटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) उठतो, पिचर उभा असतो त्या मातीच्या उंचवट्यापर्यंत चालत जातो आणि पिचरच्या हातातून चेंडू घेतो. त्या चालण्याचा मोबदला म्हणून त्याला पगार मिळतो असं म्हटलं तरी चालेल.

बोची यात उस्ताद. 2014 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना बघा. मॅडिसन बमगार्नरने तीनच दिवसांपूर्वी नऊच्या नऊ इनिंग टाकल्या होत्या. रिवाजाप्रमाणे तो आराम करायला हवा होता. जायंट्स कॅन्सस सिटीत एका धावेने पुढे होते. बोचींनी पाचव्या इनिंगला त्याला आणला आणि शेवटपर्यंत काढलाच नाही. पाच इनिंग, शून्य धावा, विजय 3-2. ठरलेल्या पद्धतीत हे बसत नव्हतं. पण समोरच्या माणसाच्या हातात अजून किती दम आहे हे ओळखणारा मॅनेजर पद्धत कधी मोडायची तेही ओळखतो.

आता यंग यांच्या बाजूने विचार करा. असा मॅनेजर आणला, पण त्याच्याकडे काढायला-घालायला पिचरच नसतील तर तो काय करणार? उलट, महागडे पिचर घेतले आणि त्यांना वापरणारा कच्चा असला तर? म्हणूनच मी वर म्हटलं, निर्णय एकच. बोचींपाठोपाठ पिचरांचे जुनेजाणते प्रशिक्षक माइक मॅडक्स यांनाही परत बोलावलं, आणि मग खरेदी सुरू झाली.

कोपर नावाचा जुगार

पिचर हा या खेळातला सर्वांत नाशवंत माल. ताशी 150-160 किलोमीटर वेगाने, कोपर वाकवून, झटक्याने चेंडू फेकायचा, तोही शंभर वेळा. कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटा अस्थिबंध असतो, सगळा ताण त्याच्यावर. तो फाटला की पूर्वी कारकीर्द संपायची. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवला. तो परत आला आणि आणखी अनेक वर्षं खेळला. ती शस्त्रक्रिया आता त्याच्याच नावाने ओळखली जाते. फेकायला परत यायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागतं.

डीग्रॉमची एक अशी शस्त्रक्रिया मेजर लीगमध्ये येण्याआधीच झाली होती. पण तो खेळतो तेव्हा त्याच्या तोडीचा पिचर शोधून सापडत नाही. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार 2018 आणि 2019 असा लागोपाठ दोनदा. 2021 मध्ये दर नऊ इनिंगमागे सरासरी 1.08 धावा दिल्या, जो आकडा वाचून जुने पिचरसुद्धा डोळे चोळतात. फक्त त्या वर्षी सामने सुरू केले पंधरा, पुढच्या वर्षी अकरा. धडधाकट पिचर एका हंगामात बत्तीसेक सामने सुरू करतो. त्याचा तोवरचा संघ न्यूयॉर्क मेट्स त्याला इतकी वर्षं द्यायला बिचकला. रेंजर्स नाही बिचकले.

पण यंग एवढ्यावर थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्या हिवाळ्यातली खरी हुशारी डीग्रॉममध्ये नसून बाकीच्या नावांत होती. पेरेझ होताच. अटलांटाकडून जेक ओडोरिझी आधीच आणला होता. अँड्र्यू हीनीला दोन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर. आणि नाताळ झाल्यावर नेथन इओवाल्डीला दोन वर्षांसाठी 3 कोटी 40 लाख. इओवाल्डी टेक्सासचाच, ह्यूस्टनजवळच्या अल्विन गावचा. त्याच्या कोपरावर तोवर दोनदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली. जॉन ग्रे आधीच्या हिवाळ्यातला होता. पाच जागांसाठी सहा-सात जण जमवले. त्यातले दोन-तीन मोडणार हे गृहीत धरूनच. कोण मोडेल ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून संख्या वाढवायची.

मोडला तो सर्वांत महागडा. 28 एप्रिलला न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध डीग्रॉमचा हात दुखायला लागला, जूनमध्ये दुसऱ्यांदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वर्षाच्या तीन कोटी डॉलरमध्ये मिळाले फक्त सहा सामने. अर्थात ते सहाही रेंजर्स जिंकले. ओडोरिझी तर खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे एकही चेंडू न टाकता बाद. डीग्रॉमची जागा डेन डनिंगने भरली, ज्याचं नाव हिवाळ्यात कोणी घेतलंही नव्हतं. त्याने बारा सामने जिंकून दिले. जुलैअखेर, अदलाबदलीची मुदत संपता संपता, यंग यांनी आणखी दोघे आणले: सेंट लुईसचा जॉर्डन माँटगोमरी आणि मेट्सचा मॅक्स शेर्झर. शेर्झरच्या उरलेल्या पगाराचा मोठा हिस्सा मेट्सनेच भरला. डीग्रॉम गेल्यावर त्यांनी महागडा जस्टिन वर्लंडरही घेतला होता, आणि शेर्झरपाठोपाठ त्यालाही याच मुदतीत विकून टाकला.

ऑक्टोबर

162 सामन्यांच्या शेवटच्या दिवशी रेंजर्स सिएटलला 1-0 ने हरले, ह्यूस्टनशी 90 विजयांवर बरोबरी झाली आणि आपसातल्या सामन्यांच्या हिशेबात गटविजेतेपद हातचं गेलं. मागच्या दाराने बाद फेरीत शिरावं लागलं. त्यात बुलपेन इतकं डळमळीत की आघाडी असली तरी टेक्सासचे चाहते नखं खात बसायचे.

इथे बोचींचं काम दिसतं. ह्यूस्टनविरुद्धच्या उपांत्य फेरीत पाचव्या सामन्यात होझे लेक्लर्कने शेवटच्या इनिंगला होझे अल्टुवेकडून तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) खाल्ला आणि हाती आलेला सामना गेला. मालिकेत ह्यूस्टन 3-2 ने पुढे. बहुतेक मॅनेजर अशा पिचरला पुढचे काही दिवस चार हात लांब ठेवतात. बोचींनी पुढच्याच सामन्यात आठव्या इनिंगला, आघाडी दोनच धावांची असताना, त्यालाच पाठवलं. त्याने फलंदाजांना फुकट बेस (धाव पूर्ण करायच्या वाटेवरचे थांबे) दिले, तिन्ही बेस भरले, आणि मग शेवटचा गडी बाद करून तो सुटला. शास्त्रशुद्ध निर्णय होता का? मला खात्री नाही. पण बुलपेनमध्ये भरवशाची माणसं तीन-चारच असतील तर त्यातल्या एकाला मनातून बाद करणं परवडत नाही, आणि तो हिशेब बोचींना त्या रात्री पाठ होता. रेंजर्सनी तो सामना आणि सातवाही ह्यूस्टनच्या मैदानावर जिंकला.

वर्ल्ड सिरीज ॲरिझोनाशी. तिसऱ्या सामन्यात शेर्झरची पाठ धरली, तीन इनिंगनंतर तो बाहेर. जॉन ग्रे आला आणि पुढच्या तीन इनिंग धाव न देता काढल्या. चौथा सामना हीनीने सुरू केला, पाच इनिंगमध्ये एक धाव. पाचव्यात इओवाल्डीची लय बिघडलेली होती. पाच जणांना फुकट बेस दिला, पहिल्या पाचही इनिंगमध्ये ॲरिझोनाचा कोणीतरी धाव घेण्याच्या बेतात पोचलेला. आकडेवाल्यांनी त्याला चौथ्या इनिंगलाच काढला असता. बोचींनी ठेवला. सहा इनिंग, शून्य धावा. शेवटचे सात गडी जॉश स्बोर्झने बाद केले. हंगामात त्याची सरासरी साडेपाच धावांची होती, आणि एरवी अशा पिचरला एवढ्या मोठ्या सामन्यात कोणी इतका वेळ उभा करत नाही. विजय 5-0. त्या बाद फेरीत इओवाल्डीच्या नावावर पाच विजय, पराभव एकही नाही. आणि परगावी खेळलेले अकराही सामने रेंजर्सनी जिंकले. घरच्या मैदानावर म्हणाल तर तेवढं कौतुक करण्यासारखं नव्हतं.

बोचींचं हे चौथं विजेतेपद. चार किंवा अधिक वेळा वर्ल्ड सिरीज जिंकणारे ते सहावे मॅनेजर.

यावरून मोठी खरेदी आणि जाणता मॅनेजर म्हणजे चषक, असं समीकरण कोणी मांडू नये. त्यानंतर 2024 मध्ये रेंजर्स 78 सामने जिंकून बाद फेरीबाहेर राहिले. 2025 मध्ये डीग्रॉम अखेर धडधाकट होता, तीस सामने सुरू केले, सरासरी तीनच्या आत. इओवाल्डी, ज्याला मधल्या काळात तीन वर्षांचे साडेसात कोटी डॉलर देऊन ठेवून घेतलं होतं, त्याहून सरस फेकत होता. दर नऊ इनिंगला दोन धावाही देत नव्हता. पिचिंग उत्तम, मॅनेजर तेच. पण या वेळी बॅटच चालल्या नाहीत आणि हिशेब 81 विजय, 81 पराभव असा बरोब्बर मधोमध अडकला. सप्टेंबरअखेर बोची आणि रेंजर्स वेगळे झाले. आठवडाभरातच यंग यांनी नव्या मॅनेजरचं नाव जाहीर केलं: स्किप शूमेकर. 2011 मध्ये रेंजर्सच्या हातून चषक हिसकावणाऱ्या सेंट लुईसच्या संघात हे शूमेकरही होते.